बिल कुणाच्या नावावर?

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पौषातली गोष्ट. आमच्या बेळगावातल्या वडगावच्या गल्लीच्या टोकाला, विजेच्या खांबाशी, पहाटे कुणीतरी एक पोतं ठेवून गेलं. युरियाचं रिकामं पोतं, तोंडाशी सुतळी सैल बांधलेली. आतली गुदमरू नयेत एवढी माया ठेवणाऱ्याला होती म्हणायची. दूधवाल्या पोरानं सोडून बघितलं तर सहा पिल्लं. डोळेसुद्धा उघडले नव्हते, म्हणजे जेमतेम आठवड्याची. थंडीनं एकमेकांत अशी घुसली होती की कुठलं शेपूट कुणाचं ते कळेना.

त्यातली चार तीन दिवसांत गेली. एक काळं समोरच्या, माग चालवणाऱ्या अण्णांनी नेलं. उरली एक ढवळी, ती गल्लीची झाली. आमच्या दारात तिला सकाळची भाकरी मिळते, मागच्या आक्कांकडं दुपारचा भात, आणि रात्री कुणाकडं जाते ते तिचं तिला ठाऊक. आता नऊ-दहा महिन्यांची झालीय आणि कार्तिक तोंडावर आलाय. कार्तिक आणि कुत्री म्हटल्यावर पुढचं तुम्हाला सांगायला नको. तर आज मी बोलणार आहे ते ढवळीच्या ऑपरेशनबद्दल. खरं सांगायचं तर ऑपरेशनपेक्षा त्याच्या बिलाबद्दल.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. सरकारी मराठीत याला निर्बीजीकरण म्हणतात. आपल्याकडच्या कन्नड पाटीवर ‘संतानशक्तिहरण’ लिहितात, आणि ते वाचलं की मला दर वेळी सीताहरणच आठवतं. गल्लीत मात्र सगळे नसबंदी म्हणतात. ते तेवढं बरोबर नाही. नसबंदीत नुसती नळी बंद करतात. कुत्र्या-मांजरांत नराचे वृषण काढून टाकतात, आणि मादीचं पोट उघडून बीजांडं आणि गर्भाशय बाहेर काढतात. नराचं काम वरच्या वर होतं, मादीचं खोलात जावं लागतं, म्हणून मादीला खर्च जास्त. गंमत अशी की ज्याचं स्वस्त त्याचं करून घेतलं तर उपयोग कमी. गल्लीतल्या दहांपैकी नऊ नरांचं ऑपरेशन झालं तरी उरलेला एक बहाद्दर सगळ्या गल्लीला पुरतो.

चार वर्षांपूर्वी मी आमच्या राणीचं ऑपरेशन खासगी दवाखान्यात करून घेतलं. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगितलं होतं. ती ताटलीपाशी बसून माझ्याकडं असं बघत होती की मलाही जेवण गेलं नाही. सकाळी टेबलावर भुलीचं इंजेक्शन दिलं, पोटावरचे केस वस्तऱ्यानं काढले आणि मला बाहेर घालवलं. तासाभरानं आत बोलावलं तेव्हा जीभ एका बाजूला पडलेली, डोळे अर्धे उघडे. हात लावला तर अंग गार. मी घाबरले. डॉक्टर म्हणाले, “बाई, घोंगडं आणलंय का? पांघरा.” टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा नरसाळ्यासारखा पट्टा दिला. तो घालून ती दाराच्या चौकटीला धडका द्यायला लागली, मग ह्यांची जुनी बनियन कात्रीनं कापून तिच्या चारी पायांत चढवली. दहा दिवस आमची राणी बनियन घालून गल्लीत फिरत होती. पोरांनी तिला पैलवान म्हणायला सुरुवात केली.

बिल झालं चार हजार दोनशे. भूल, रक्ततपासणी, टाके, पाच दिवसांच्या गोळ्या, पट्टा सगळं धरून. मी मास्तरीण होते, पेन्शन आहे, मला परवडलं. पण आमच्या गल्लीत मागावर काम करणारी बाई आहे, शेतात दुसऱ्याच्या बांधावर राबणारा गडी आहे. त्यांच्या घरी कुत्रं म्हणजे हौस नव्हे, राखण आहे. त्यांना चार हजार काढा म्हणणं म्हणजे ऑपरेशन करू नका म्हणण्यासारखंच.

त्यांना कुणी विचारलं तर एकच उत्तर येतं, न करून काय बिघडतं? इथं मला जरा थांबून बोलायचंय, कारण बिघडतं, आणि बिल तेव्हाही येतं. आमच्या नात्यातल्या एका घरी पॉमेरियन होती, नऊ वर्षांची, कधी व्यायलेली नाही. एकदा तिचं पाणी पिणं वाढलं, खाणं तुटलं, पोट फुगलं. गर्भाशयात पू झाला होता. ऑपरेशन न झालेल्या, वय झालेल्या कुत्रीला हे बऱ्याचदा होतं. मग रात्रीच्या रात्री पळापळ, सलाईन, तेच ऑपरेशन पण जिवावरचं, आणि माझ्या बिलाच्या तिप्पट पैसे. स्तनांच्या गाठींचंही तसंच. पहिल्यांदा माजावर येण्याआधी ऑपरेशन झालं तर त्यांचा धोका फार कमी होतो. मांजराचं तर विचारूच नका. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा राहते.

काही पोस्टरांवर लिहिलेलं असतं की एका कुत्रीपासून सहा वर्षांत ६७ हजार कुत्री होतात. माझा त्यावर विश्वास नाही. पोत्यातली सहातली चार गेली, ती कुणी मोजायची? हिशेब तेवढा मोठा नसतो. पण दोन महिन्यांचा गाभणकाळ, वर्षाला एक-दोन वेतं, प्रत्येक वेताला पाच-सहा पिल्लं, हे खरं आहे, आणि गल्लीला तेवढं पुष्कळ झालं.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. प्राणी जन्म नियंत्रणाचे नियम आधी २००१ साली आले, नवे २०२३ साली. त्यांत सरळ वाटणी आहे. पाळलेल्या प्राण्याची लस, जंतांचं औषध आणि ऑपरेशन मालकाकडं. रस्त्यावरच्या प्राण्याचं स्थानिक संस्थेकडं. पकडायचं, ऑपरेशन करायचं, रेबीजची लस द्यायची, कानाला खूण करायची आणि जिथून उचललं तिथंच सोडायचं. तिथंच का, असं आमच्या गल्लीत दर खेपेला भांडण होतं. जागा रिकामी झाली की दुसरी कुत्री येऊन बसतात, ऑपरेशन न झालेली, एवढंच त्याचं उत्तर.

वाटणी कागदावर छान आहे. पण ढवळी कुठल्या रकान्यात बसते? तिला नाव आहे, तीन घरची भाकरी आहे, अनोळखी माणसावर भुंकायचं काम आहे. मालक मात्र नाही. मी आक्कांना विचारलं, “ढवळी तुमचीच ना?” तर म्हणाल्या, “आमची कुठली वो बाई, गल्लीचीच की ती.” भाकरीपुरती आमची आणि बिल आलं की पालिकेची, अशी ही ढवळी.

आणि ज्यानं पोतं ठेवलं त्याचं काय? जनावर उपाशी मरेल अशा ठिकाणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या खेपेचा दंड किती? कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. म्हणजे ऑपरेशनला चार हजार आणि पोत्याला पन्नास, तेही सापडला तर. हिशेबी माणूस काय निवडेल ते सांगायला नको.

तो पैसे वाचवतो, पण ते फिटलेले नसतात, दुसऱ्याच्या नावावर चढतात. पिल्लं जगली आणि एखादं कुणाला चावलं, तर सरकारी दवाखान्यात लस फुकट आहे, खरं. पण ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असे चार हेलपाटे. येळ्ळूरहून रोजंदारीवाली बाई पोराला घेऊन येते तेव्हा तिचे चार दिवसांचे पगार बुडतात. ते पोतेवाल्याचंच बिल.

माझं स्पष्ट मत विचाराल तर पहिलं बिल त्याच्या नावावर फाडावं जो यातून कमावतो. आमच्याच भागात एकाकडं लॅब्रेडोर आहे, म्हणजे तो लॅब्रेडोर म्हणतो. दोन वेतं विकली, उरलेली, न खपलेली पिल्लं कुठं गेली ते मी सांगू शकत नाही. विचारलं तर म्हणे जात टिकवतोय. जात टिकवायची तर मुधोळजवळ तिम्मापूरला त्यासाठी संशोधन केंद्र आहे. तिथल्या मुधोळ हाउंड कुत्र्याला २००५ साली पोस्टाच्या तिकिटावर जागा मिळाली, त्याची काळजी घ्यायला माणसं आहेत. गॅलरीतल्या अर्धवट लॅब्रेडोरनं ती जबाबदारी घ्यायची गरज नाही. तसेच नराचे मालक. “आमचा नर आहे, आम्हाला काय,” असं म्हणून संध्याकाळी त्याला मोकळा सोडतात. मी म्हणते, पिल्लांना बाप नव्हता काय?

दुसरं बिल सरकारचं. गाईला गाभण ठेवायला सरकारी माणूस गोठ्यापर्यंत येतो, लाळ्या-खुरकूताची लस फुकट टोचून जातो. चांगलं आहे, दुधावर घरं चालतात. १९६२ नंबर लावला तर जनावरांची गाडीही येते. मग तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात आठवड्यातला एक दिवस गरिबाच्या कुत्र्या-मांजरासाठी, औषधांपुरत्या पैशांत, का ठेवता येऊ नये? मालकानं निम्मे द्यावेत, अगदीच नसतील तर शंभर द्यावेत, पण काहीतरी द्यावं. फुकट झालं की पट्टा काढून टाके चाटू देतात, हे मी बघितलंय.

आपल्या भागात आणखी एक भानगड आहे. बाची गाव आपल्याकडं कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात, मधे चालत जाण्याएवढं अंतर. सीमाप्रश्नाचा निकाल लागायचा तेव्हा लागो, कुत्र्यांनी तो कधीच निकालात काढलाय. एका बाजूनं ऑपरेशनं केली आणि दुसरीनं नाही, तर पहिल्या बाजूचे पैसे पाण्यात. खानापूरकडच्या रानालगतच्या गावांत निराळंच, तिथं कुत्र्यांची संख्या बिबट्याही कमी करतो, आणि मग कुत्र्यांमागनं तो गोठ्यापर्यंत येतो.

तर ढवळी. गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशाला मंडळाच्या पोरांनी आधी नाही म्हटलं, मग सातशे दिले. मागच्या आक्कांनी दोनशे, समोरच्या अण्णांनी पाचशे. शेजारच्या कन्नड वैनींनी न विचारता पाचशेची नोट हातात ठेवली आणि म्हणाल्या, “हौद्री, होय हो टीचर, मांजराचं पण बघूया की.” भर मी घातली. डॉक्टरांनी गल्लीचं कुत्रं म्हणून थोडं कमी केलंय. लॅब्रेडोरवाल्याकडं दोनदा गेले, दोन्ही वेळा तो घरात नव्हता. स्कूटर दारात होती.

रविवारी सकाळी सातला टेम्पो येणार आहे. शनिवारी रात्री तिला कुणीही भाकरी घालायची नाही, हे दोन्ही घरी सांगून झालंय. तिसरं घर कुठलं ते अजून सापडलेलं नाही.

नमस्कार.