पट्ट्यावरची तीन मिनिटं

(दृश्य: ट्रेडमिलचा फिरता पट्टा, त्यावर चालणारे बूट. ईसीजीच्या कागदाची सरसर.)

निवेदन :
1980चं दशक. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ काही रुग्णांची स्ट्रेस टेस्ट घेत होते, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून हृदय किती जोर पेलतं ते तपासत होते. हार्ट अटॅक येऊन या माणसांना जेमतेम तीन आठवडे झाले होते. पन्नाशीच्या आसपासचे पुरुष. तीसेक वर्षं आधी अशा रुग्णाला आठवडेच्या आठवडे पलंगावरून उठूही देत नसत.

डॉक्टर सांगत, हृदय सावरलंय, आता चालायला लागा. आणि तरीही कितीतरी जण घरी जाऊन खुर्चीतच बसून राहत.

असं का होतं? अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये मांडलेल्या एका सिद्धांतात याचं उत्तर मिळतं. माणूस एखादी गोष्ट करायला घेईल का, आणि त्रास झाला तरी टिकेल का, हे पुष्कळसं ‘हे मला जमेल’ या भरवशावर ठरतं. मानसशास्त्रात याला स्व-कार्यक्षमता म्हणतात. हा भरवसा त्या-त्या कामापुरता असतो. आयुष्यभर धंदा बेधडक केलेला माणूस अटॅकनंतर पहिल्या मजल्याच्या जिन्यापाशी थबकू शकतो.

(दृश्य: जिना. कठड्यावर टेकलेला हात.)

दुसऱ्याने धीर दिला की हा भरवसा थोडा वाढतो. आपल्यासारख्याच कुणाला जमलेलं पाहिलं, की आणखी वाढतो. पण सगळ्यात पक्का भरवसा येतो तो स्वतः करून पाहिल्यावर. शिवाय शरीर जे सांगतं, त्याचा अर्थ आपण काय लावतो, हेही आलंच. जिना चढताना छाती धडधडते. निरोगी माणसाचीही धडधडते. पण ज्याने अटॅक सोसलाय, त्याला त्या धडधडीत दुसरा अटॅक ऐकू येतो.

1983 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने 40 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ट्रेडमिलवर चालून उतरल्यावर त्यांचा चालण्याचा, जिना चढण्याचा भरवसा वाढलेला दिसला. वजन उचलण्याबद्दलचा मात्र डॉक्टर आणि नर्सने नीट समजावून सांगितल्यावर वाढला. पुढे घरी कोण किती हालचाल करेल, याचा अंदाज ट्रेडमिलवरच्या नाडीच्या ठोक्यांपेक्षा या भरवशावरून जास्त चांगला येत होता.

मला यातला सगळ्यात मोलाचा वाटतो तो 1985चा प्रयोग. कारण त्यात घरचं माणूस आलं.

(दृश्य: तपासणीच्या खोलीबाहेरचं बाक.)

30 रुग्ण, आणि त्यांच्या बायका. दहा जणींनी नवऱ्याची टेस्ट पाहिली नाही. दहा जणींनी ती समोर उभं राहून पाहिली. उरलेल्या दहा जणींनी पाहिली, आणि मग त्या स्वतः पट्ट्यावर चढल्या. नवऱ्याने जितका जोर सोसला होता, तेवढ्याच जोरावर तीन मिनिटं चालल्या.

त्यानंतर सगळ्याच जोडप्यांना समोर बसवून, आता काय-काय करता येईल ते सविस्तर सांगितलं गेलं. तरी नवऱ्याच्या ताकदीबद्दलचा बायकोचा भरवसा त्याच्या स्वतःच्या भरवशाइतका झाला, तो फक्त पट्ट्यावर चाललेल्या बायकांचा. नुसतं पाहून तेवढं झालं नाही. समजावून सांगूनही झालं नाही. तो चढ, तो वेग त्यांच्या स्वतःच्या पायांना कळला होता, आणि आपला नवरा एवढं पेलतो हेही.

‘पिशवी राहू द्या, मी घेते.’ ‘एवढ्या लांब कशाला जाता?’ आपल्या घरांतही हे रोज ऐकू येतं. यात माया आहे, आणि जिवाची धास्ती आहे. पण सावरू पाहणाऱ्या माणसाला त्यातून दिवसभर एकच निरोप मिळत राहतो : तुला जमणार नाही.

आणि या निरोपाचं वजन मोठं आहे. अटॅकनंतर तिसऱ्या आठवड्यात नवरा-बायकोने सांगितलेल्या भरवशाचा संबंध अकराव्या आणि सव्विसाव्या आठवड्यातल्या टेस्टशी लागला. ज्या घरात भरवसा जास्त, तिथला रुग्ण पुढे पट्ट्यावर जास्त जोर पेलत होता.

(दृश्य: दार उघडतं. बाकावरची बाई आत बोलावली जाते.)

स्ट्रेस टेस्टला रुग्णाबरोबर घरचं कुणी ना कुणी येतंच. त्यांना बाहेर बसवून ठेवू नका. आत बोलवा, पाहू द्या. तब्येत ठणठणीत असेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील, तर तीन मिनिटं त्यांनाही पट्ट्यावर चालू द्या.