वहीतला कापूस

सकाळचे साडेसहा झालेत. अमळनेर तालुक्यातलं गाव आहे, नाव घेत नाही कारण अशी गावं इकडे पारोळ्यापर्यंत आणि तिकडे शिरपूरपर्यंत पाहिजे तेवढी सापडतील, आणि हे अर्धं शटर वर केलेलं दिसतंय ना, ते आमच्या गल्लीतलं किराणा दुकान. पहिलं गिऱ्हाईक आठ-नऊ वर्षांची पोरगी. पाव किलो साखर, चहा पावडरचा दहावाला पुडा, कपड्याचा एक साबण. पैसे दिले नाहीत, आणि दुकानदार अप्पांनी मागितले पण नाहीत. गल्ल्याच्या बाजूची लाल पुठ्ठ्याची लांबडी वही ओढली, पान उघडलं, लिहिलं, तोपर्यंत पोरगी घरी पोचली सुद्धा.

आजचा सगळा व्हिडिओ ह्या वहीचा आहे.

मी चार वर्षं पुण्यात राहून आलोय, तिथे कोणी ना कोणी हमखास म्हणायचं की तुमचं काय बाबा, खेड्यात भाडं नाही, भाजी शेतातली, दूध घरचं, दहा हजारात महिना निघतो. पहिलं वर्षभर मी पण मान डोलवायचो. खोटं नाहीये ते पूर्ण, पण त्यात एक गोष्ट सुटते, आणि ती सुटली की खान्देशातल्या गावाचा धंदा कसा चालतो, खर्च कसा भागतो हे काहीच कळत नाही. नोकरदाराचा पगार दर महिन्याला येतो आणि खर्चही दर महिन्याला. आमच्याकडे खर्च रोजचा राहतो आणि पैसा येतो वर्षातून दोनदा, एकदा कापसाचा आणि ज्याच्याकडे पाणी आहे त्याला परत मार्चमध्ये गहू, हरभरा, दादरचा, म्हणजे रब्बीच्या ज्वारीचा. मधले जे महिने आहेत ना, ते ह्या वहीत राहतात.

जरा जवळून दाखवतो, अप्पांनी परवानगी दिलीये. पानाच्या डोक्यावर आडनाव कुठेच नाही, "टेलर", "वरच्या गल्लीचे नाना", "सुरतवाले", "बोअरवाला". डाव्या बाजूला तारीख, मध्ये माल, उजवीकडे आकडा. जूनची पानं बघा कशी गच्च भरलीत. शाळा सुरू झाली, वह्या-पुस्तकं, रेनकोट, पेरणीच्या दिवसात मजुरांना चहा म्हणून साखर दुप्पट. आणि हे नीट बघा, रोखीने साखर चव्वेचाळीस, वहीत शेहेचाळीस. किलोमागे दोन रुपये. अप्पांना विचारलं तर ते सरळ म्हणाले, "मी व्यापाऱ्याला पंधरा दिवसात पैसे देतो, लोक मला सहा महिन्यांनी देता, दोन रुपये घेतले तर काय चुकलं भो?" मला तरी काही चुकलं वाटत नाही. बँकेत जाऊन पाव किलो साखरेसाठी कर्ज कोण देतं?

आता शेतकऱ्याकडे चला.

ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो मे महिन्यातच ठिबकवर कापूस लावतो, बाकीचे पावसाची वाट बघतात. ४७५ ग्रॅमचं बीटी बियाण्याचं पाकीट २०२५ च्या हंगामात ९०१ रुपयाला, एकराला दोन तर लागतातच. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे, डीएपी १३५०, आणि हा झाला छापील भाव, ऐन गरजेला युरिया पाहिजे असला की दुकानदार सोबत दुसरं काहीतरी गळ्यात मारतो, हे ज्याने गोणी आणलीये त्याला सांगायची गरज नाही. मग निंदणी, फवारणी, कोळपणी. गुलाबी बोंडअळी आली तर अजून दोन फवारण्या. बोंडं फुटली की वेचणी, आणि वेचणी म्हणजे किलोवर मजुरी, आमच्याकडे सध्या दहा-बारा रुपये. कापसाचा भाव किलोला सत्तर धरा, सातवा-सहावा हिस्सा तर नुसता झाडावरून घरात आणायलाच गेला. त्यात वेचणाऱ्या बायांना दोष नाही हां, दुपारच्या उन्हात वाकून वाकून ओटी भरायची, नखांच्या कडा बोंडाच्या काट्याने फाटलेल्या, माझ्या मायच्या हाताला दिवाळीत मेंदी कधी नीट चढलीच नाही.

कापूस घरात आला, मग विकायचा कुठे? दोन रस्ते आहेत.

एक सरकारी, म्हणजे सीसीआयचं, केंद्राच्या कापूस महामंडळाचं खरेदी केंद्र. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल. पण त्याला सातबारावर पीक पाहणी लागलेली पाहिजे, कपास किसान ॲपवर नोंदणी पाहिजे, स्लॉट पाहिजे, आणि ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तरच पूर्ण भाव, त्यावर गेला की कापत जातात आणि बारा टक्क्यांवर गेला की गाडी परत. दिवाळीच्या आसपास पाऊस पडून गेलेला कापूस कुठून आठ टक्क्यात येईल? मग तो पसरा, वाळवा, वजन घटू द्या, गाडीभाडं करा, लाइनीत उभे राहा, आणि त्यानंतर पैसे खात्यात यायची वाट बघा.

दुसरा रस्ता म्हणजे खेडा खरेदी. व्यापारी टेम्पो घेऊन दारात येतो, ओसरीतच काटा लावतो, मूठभर कापूस हातात घेऊन ओढून बघतो, भाव बोलतो, आणि पैसे नगदी. २०२५ च्या हंगामात तो भाव सात हजाराच्या आसपास फिरत होता. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं आणि ती सूट पुढे डिसेंबरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमकं आमचा कापूस घरात यायच्या वेळेला बाहेरचा कापूस स्वस्त झाला. गिरण्यांना कच्चा माल पाहिजे हे कळतं. पण हंगामाच्या तोंडावरच का, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

आता हिशोब करा. आमच्या शेजारच्या घरी पहिल्या वेच्याचा ६ क्विंटल ४० किलो निघाला. हमीभावाने पूर्ण ५१ हजार ९०४. व्यापाऱ्याला सात हजाराने दिला, ४४ हजार ८००. फरक सात हजार एकशे चार. सगळे म्हणतील, वेडा आहे का हा माणूस, थांबायचं ना. पण तो थांबू शकत नव्हता कारण अप्पांच्या वहीत त्याचे एकतीस हजार होते, दिवाळीच्या आधी निदान वीस तरी देतो असं तोंडाने बोलून ठेवलेलं, पोराची हॉस्टेलची फी थकलेली, आणि वेचणीवाल्या बायांना आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी पैसे द्यावेच लागतात, त्यांना "पुढच्या महिन्यात" चालत नाही. ज्याच्या घरात एक नोकरी आहे, ज्याचा भाऊ मास्तर आहे, तो कापूस वाळवून सीसीआयला नेतो. ज्याला गरज जास्त त्यालाच भाव कमी.

आणि थांबणाऱ्याचं पण नेहमी भलंच होतं असं नाही. २०२१-२२ ला कापूस दहा हजाराच्या वर गेला होता, आठवतं ना? गावात तेव्हा ट्रॅक्टर आले, दोन घरांवर स्लॅब पडला, अप्पांची वही मे महिन्यात जवळजवळ कोरी झाली होती. म्हणून पुढच्या वर्षी सगळ्यांनी माल धरून ठेवला. दहा हजाराशिवाय द्यायचाच नाही. आमच्या मधल्या खोलीत छतापर्यंत कापूस, आम्ही बाहेर ओसरीत झोपायचो. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, भाव वर जायच्या ऐवजी खाली, आणि ऊन वाढलं तसे त्या कापसात किडे झाले, अंगाला खाज सुटायची, लहान पोरांच्या पाठी-पोटावर लाल पुरळ. नुसत्या आमच्या घरात नाही, गावोगाव हेच. डॉक्टरकडे गेलं की मलम लिहून द्यायचे आणि विचारायचे, घरात कापूस आहे का. शेवटी जून तोंडावर आला, बियाण्याला पैसे पाहिजे, मिळेल त्या भावाने काढला.

त्या वर्षी काय झालं ते बाजारात विचारा. अमळनेरात कापडवाल्याने लग्नसराईचा माल भरून ठेवला होता, उठला नाही. भांडेवाला, मोटर रिवाइंडिंगवाला, मोबाईल शॉपी, सगळे एकच वाक्य बोलत होते, कापूस घरात आहे. आणि गावात अप्पा वसुलीला गेले की, "कापूस इकू दे भो, मंग देस." त्याच्यावर काय बोलणार, कापूस तर डोळ्यासमोर दिसतोय.

अमळनेर तसं धंद्याला नवीन गाव नाही. प्रताप शेठजींची कापडगिरणी इथली. २९ डिसेंबर १९४५ ला वनस्पती तुपाची जी कंपनी इथे निघाली तिचीच पुढे विप्रो झाली, आणि त्या काळात शेअर घेऊन ठेवलेली घरं आजही गावात आहेत. मंगळग्रह मंदिरामुळे मंगळवारी स्टेशनपासून रिक्षा मिळत नाही, हारफुलं, नाश्ता, लॉज सगळ्यांचा तो दिवस. पण बुधवारी परत बाजार कापसाकडेच बघतो. तापीच्या वरच्या अंगाला रावेर, यावल, सावद्याकडे थोडं वेगळं आहे, तिथे केळी. जळगावच्या केळीला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. मृगबाग, कांदेबाग अशा वेगवेगळ्या हंगामात लावून ठेवलं की कटनी वर्षभर चालू राहते, हातात पैसा फिरता राहतो, तिथल्या दुकानात वही आहे पण बारीक. फक्त तिथे भाव बऱ्हाणपूरकडे बघून ठरतो आणि मे-जूनमधलं एक वादळ अर्ध्या तासात अख्खा बाग झोपवून जातं. आमच्याकडे पाणीच नाही तर केळीचं काय बोलायचं, पाडळसरेचं धरण किती वर्षांपासून होतंय ते तालुक्यातल्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा.

स्वस्त काय आहे ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल रडगाणंच चालू आहे. हिवाळ्यात भरताची हिरवी वांगी, कांद्याची पात, मेथी, हे अक्षरशः मागेल त्याला मिळतं. शेतात पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजायची, तेलात मिरची-लसूण, सोबत कळण्याची भाकरी, वीस माणसं पोटभर जेवतात आणि विकत आणलेलं काय तर तेल आणि मीठ. घरभाडं नाही हे खरंच. पण गावात जे पिकत नाही ते पुण्याच्याच भावाने मिळतं, बऱ्याचदा वर गाडीभाडं लागून. जुलै २०२४ ला मोबाईलचे रिचार्ज वाढले ते आम्हालाही तेवढेच वाढले. माझ्या काकांच्या छातीत दुखलं तर रात्री गाडी करून धुळ्याला न्यावं लागलं, तिथून नाशिकला, उपचाराच्या आधीच गाडीचे आणि डिपॉझिटचे मिळून एका एकराचा कापूस गेला. आणि स्पर्धा परीक्षेला पोरगं पुण्यात बसवलं असेल तर खोली, मेस, अभ्यासिका धरून महिन्याला दहा-बारा हजार इथून जातात. पुण्याची महागाई पुण्याचेच लोक भरतात असं नाही, तिच्यातला थोडा हिस्सा आमच्या बोरी नदीकाठच्या कापसातून जातो.

म्हणून सुरत. वहीतलं "सुरतवाले" हे पान आठवतं ना? तिथे उधना, लिंबायत, पांडेसरा भागात अर्धा खान्देश राहतो, लूमवर, डाइंगमध्ये, एम्ब्रॉयडरीत. सकाळी गाडीत बसलं की दुपारपर्यंत पोचतो. ह्या घरातले दोन भाऊ तिथे आहेत, म्हातारी आणि सुना इथे. दर महिन्याच्या दहा-बारा तारखेला अप्पांच्या फोनवर सरळ पैसे येतात. अख्ख्या वहीत हे एकच पान दर महिन्याला कोरं होतं.

अजून एक बदल अप्पांनी सांगितला, मला तो आधी लक्षात आला नव्हता. ऑगस्ट २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात, आणि मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. दोन्ही चांगलंच झालं, आई पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने चष्मा करून आली. पण नगद हातात आलं की बाया अर्ध्या तिकिटात अमळनेरला जातात, तिथल्या मोठ्या मार्टमधून महिन्याचं तेल, साबण, डाळ स्वस्तात आणतात. आणि संपलं की वीस तारखेनंतर अप्पांकडे. म्हणजे रोख तालुक्याला, उधारी गावाला. "मी कोणाला नाही म्हणू," ते म्हणाले, "उद्या माझ्याच मयतीला हेच येतील ना." त्यांनी ह्या वर्षी वनस्पती तूप आणि महागडे बिस्किटं ठेवणं बंद केलंय, फ्रीज विकला, आता बाटल्या गार पाण्याच्या टाकीत ठेवतात.

हे शेवटचं दृश्य त्याच दिवशीचं आहे, शेजाऱ्यांचा कापूस मोजला त्या संध्याकाळचं. तो दुकानात आला, शर्टाच्या आतल्या खिशातून पाचशेच्या नोटा काढल्या, दोनदा मोजल्या, बावीस हजार दिले. अप्पांनी लाल पेनने जुन्या पानावर आडवी रेघ मारली, उरलेले नऊ हजार नवीन पानाच्या डोक्यावर लिहिले. मग फोन लावला, अमळनेरच्या तेलाच्या व्यापाऱ्याला, "शेठ, उद्या वीस पाठवतो, डबे भरून ठेवा." तो अजून उभाच होता. दोन मिनिटं इकडची-तिकडची बरणी बघितली.

"अप्पा, किलोभर गोडेतेल द्या. आणि रव्याचं पाकीट, दिवाळी आहे."

अप्पांनी पेन अजून ठेवलं नव्हतं.