उत्सिराची सुईण, नॉर्वेची पहिली महिला महापौर

मंडळी, नमस्कार.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हाउगेसुंडहून बोटीत बसलं की सव्वा तासात उत्सिरा बेट येतं. जेमतेम ६ चौरस किलोमीटर, वस्ती दोनशेच्या आसपास. उत्तरेला एक धक्का, दक्षिणेला एक. वारा पाहून बोट कुठे लावायची ते ठरतं. ओसा हेल्गेसेन याच बेटावरच्या सुईण.

सुईणीला इथे 'योर्दमूर' म्हणतात, शब्दशः भूमाता. पण काम शिस्तीचं. त्या काळी नियम असे: हात साबण-ब्रशनं घासून जंतुनाशकात बुडवायचे, नाळ दोन ठिकाणी बांधून मधे कापायची, प्रत्येक बाळंतपण नोंदवहीत लिहायचं. वार अर्धवट राहिली किंवा गर्भाशय आवळलं नाही, तर रक्तस्राव थांबत नाही. अशा वेळी डॉक्टर समुद्रापलीकडे, आणि मधे वादळ. निर्णय सुईणीलाच घ्यावा लागे.

उत्सिरा वेगळी नगरपालिका झाली १९२४ मध्ये. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत १२ पैकी ११ जागा बायकांनी जिंकल्या. महापौर लोक थेट निवडत नाहीत, परिषद निवडते. परिषदेनं ओसाबाईंना निवडलं. १९२६ ते १९२८ अशी तीन वर्षं त्या पदावर होत्या. हे सगळं थट्टेतून सुरू झालं, असं आजही सांगितलं जातं. असेल. पण थट्टेतल्या नावालाही मतं खरीच पडावी लागतात, आणि घराघरांत बाळंतपणं केलेल्या बाईला ओळखत नाही असं कोण होतं?

काळ मात्र वाईट. क्रोन, म्हणजे नॉर्वेचं चलन, पहिल्या महायुद्धापूर्वीच्या सोन्याच्या भावाला न्यायचा सरकारी हट्ट चालू होता. १९२८ मध्ये तो पुरा झाला. क्रोन वधारला, मासळीचे भाव घसरले, कर्जाचा आकडा तेवढाच राहिला. देशभर नगरपालिका कर्जात बुडाल्या. गरिबांची मदत, शाळा, रस्ते, सगळं त्याच तिजोरीतून.

पुढे १९७१ मध्ये ओस्लो, ट्रॉन्डहाइम आणि आस्केरच्या परिषदांत बायकांचं बहुमत आलं. त्याला नाव पडलं 'बायकांचा उठाव'. म्हणजे आधी थट्टा, मग उठाव; साधी निवडणूक म्हणायला कुणी तयार नाही! युक्ती अगदी कायदेशीर होती: मतपत्रिकेवरच्या पुरुषांच्या नावांवर काट मारायची आणि बाईचं नाव दुसऱ्यांदा लिहायचं.