भट्टी सांजेला का पेंगते?

नमस्कार श्रोतेहो. व्होल्टेज पडलं की घरचा गीझर पाणी तापवायला किती वेळ खातो, ते तुम्ही पाहिलंच आहे. आज बोलायचं ते कारखान्यातल्या थ्री फेज हीटरबद्दल.

सावंतवाडीकडच्या एका काजू कारखानदाराने जुन्या बाजारातून परदेशी भट्टी आणली. काजूगर सुकवायला. गर नीट सुकला तरच त्याची तांबडी साल सुटते. भट्टीवर लिहिलेलं होतं १२ किलोवॅट, ४८० व्होल्ट. आपल्याकडे थ्री फेजला मिळतात ४१५. पण हे वाचणार कोण? नेमप्लेटवरून रंगाचा ब्रश फिरलेला! गणपतीच्या आधी घर रंगवा, दार रंगवा, गडगासुद्धा रंगवा, माझी ना नाही. पण यंत्राची नेमप्लेट रंगवणाऱ्याला मी मोदक देणार नाही. असो.

भट्टी चालायची, पण गर सुकेना. मालक म्हणाला, मशीन खराब. वायरमन म्हणाला, "व्होल्टेज कमी म्हणजे करंट जास्त, वायर जाड टाका." आणि सोलणाऱ्या बायकांमधली एक आजी म्हणाली, "दुपारी भट्टी जागी असता, सांजेक पेंगता. सांजेक साल सुटणा नाय." तिला मजुरी किलोवर. साल चिकटली की तिचा दिवस बुडाला. म्हणून बिघाड आधी तिला कळला, मालकाला मागाहून.

मी रंग खरवडला, नेमप्लेट वाचली आणि क्लॅम्पमीटर, म्हणजे वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र, लावला. नेमप्लेटच्या हिशेबाने करंट हवा साडेचौदा अँपिअरच्या आसपास. दुपारी ४१५ व्होल्टला दिसला साडेबारा. संध्याकाळी गावचे पंप आणि दिवे सुरू झाले, व्होल्टेज ३६० वर आलं आणि करंट अकराच्याही खाली.

म्हणजे करंट वाढला नाही, घटला. वायरमनचं म्हणणं मोटरला लागू पडतं. भार तोच ठेवून व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते आणि जळते. हीटर ही नुसती रोधाची तार. व्होल्टेज कमी, तर करंटही कमी. दोन्ही घटतात, म्हणून उष्णता वर्गाच्या हिशेबाने घटते. व्होल्टेज निम्मं, तर उष्णता पाव. पुन्हा सांगतो, व्होल्टेज निम्मं, उष्णता पाव. आपली १२ किलोवॅटची भट्टी दुपारी होती ९ ची, आणि सांजेला पावणेसातची. आजीचं पेंगणं ते हेच.

बरं, हीटर यात जळत नाही, उलट जास्त टिकतो. मात्र भट्टीचे पत्रे उष्णता बाहेर सोडतच राहतात, त्यामुळे वेळ वाढतो आणि विजेची बचत होतेच असं नाही. भट्टीतला पंखा मात्र मोटर आहे, त्याचं व्होल्टेज वेगळं तपासा. भट्टी चालू-बंद करणारा विजेचा स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, त्याची कॉइलही तपासा, कमी व्होल्टेजला ती थरथरते.

मग कोणीतरी सुचवलं, कनेक्शन स्टारचं डेल्टा करा, उष्णता तिप्पट होईल. होईल, खरंच होईल! स्टारमध्ये हीटरच्या प्रत्येक कॉइलला लाइनच्या व्होल्टेजचा काही भागच मिळतो, डेल्टात पूर्ण मिळतं. पण या हीटरची प्रत्येक कॉइल होती २७७ व्होल्टची. डेल्टात तिच्यावर सरळ ४१५ येणार, म्हणजे ठरल्याच्या सव्वादोन पट उष्णता. कॉइल गेलीच म्हणून समजा. कॉइल किती व्होल्टची, हे कळल्याशिवाय स्टारचं डेल्टा करू नका. कॉइलचं व्होल्टेज आधी, कनेक्शन मागाहून.

शेवटी नव्या कॉइल मागवल्या, ४१५ व्होल्टला १६ किलोवॅटच्या. सांजेला ३६० झाले तरी १२ मिळतात, आणि दुपारची जादा उष्णता थर्मोस्टॅट आवरतो. फक्त आता ४१५ ला करंट २२ च्या वर गेला. त्यामुळे वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागला, आणि वायरही जाड टाकावी लागली. वायरमन अजून सगळ्यांना सांगत फिरतो, "मी तेव्हाच म्हटलं होतं!"