हिरव्या डोक्याचा दगड

[दृश्य: सकाळ. डांबरावर पसरलेलं सोयाबीन. अनवाणी पायांनी शेंगा वरखाली करणारी बाई.]

सडकेवर सोयाबीन वाळतंय. मधला पांढरा पट्टा कुठेकुठे अजून दिसतो. गाडी येईल म्हणून कुणी मागे वळून पाहत नाही.

गावात हिला जुनी सडक म्हणतात. वर्धा-यवतमाळ रस्त्याचा हा तुकडा. नागपूरहून तुळजापूरकडे जाणारे ट्रक, एसटी, लग्नाची वऱ्हाडं, सगळं इथूनच जायचं. चौपदरीकरणात वळण सरळ झालं आणि आमचा तुकडा बाजूला पडला. त्या नव्या रस्त्याला आता राष्ट्रीय महामार्ग 361 म्हणतात.

[दृश्य: बाभळीखाली अर्धा गाडलेला किलोमीटरचा दगड. हाताने माती बाजूला होते.]

अंग पांढरं, डोकं हिरवं. पिवळं डोकं राष्ट्रीय महामार्गाचं, हिरवं राज्य महामार्गाचं, काळं जिल्हा मार्गाचं. या दगडावर 'कळंब' एवढंच वाचता येतं, खालचा आकडा पुसला गेलाय.

रस्त्यांची ही वर्गवारी आपल्या नागपुरातच ठरली. डिसेंबर 1943 मध्ये प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते तिथे जमले आणि 20 वर्षांचा आराखडा झाला. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि गावरस्ते अशी उतरंड त्यात होती. पिकाऊ मुलखातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून 5 मैलांहून लांब असू नये, असंही त्यात लिहिलं होतं. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार बरं वाटलं. कुणीतरी गाव मधोमध ठेवून रस्ता मोजला होता.

त्याच्या कितीतरी आधीपासून इथून कापूस जात होता. पुढे वर्धा नदी. पलीकडे वऱ्हाड, अलीकडे मध्य प्रांत. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि कापसाच्या बंड्या स्टेशनाकडे निघू लागल्या. पण काळ्या मातीत पावसाळ्यात बंडीचं चाक आसापर्यंत रुतायचं. ही माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर मुरूम, खडी, डांबर कितीही घाला, कडेला पाणी साचलं की सडक खचतेच.

[दृश्य: दगडी मोरी. तोंडाशी कापसाच्या पऱ्हाट्या, प्लास्टिक, गाळ.]

माझे आबाजी याच सडकेवर मैलकुली होते. घमेलं, फावडं, कुदळ. मृगाआधी मोऱ्या उपसायच्या, साइडपट्टीवर मुरूम टाकायचा, खड्डे बुजवायचे, लिंबांच्या बुंध्यांना गेरू-चुना लावायचा. पावसात रात्री उठून ते या मोरीपर्यंत चालत यायचे, कंदील घेऊन. पाणी वाहतंय असं दिसलं की मगच घरी परतायचे. लहानपणी मला वाटायचं, सडक त्यांचीच आहे.

सरकारी कागदात रस्त्याचा दर्जा काढून घेण्याला 'अवर्गीकृत' म्हणतात. 2017 मध्ये हा शब्द पेपरात रोज यायचा. महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारू विकायची नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश होता. तेव्हा काही शहरांतले रस्ते दुकानं वाचवण्यासाठी अवर्गीकृत करण्याची धावपळ झाली. याचा मला अजून राग आहे. दर्जा म्हणजे नुसती पाटी नव्हे. दर्जा गेला की देखभालीचा पैसा जातो, मैलकुलीही जातो.

आमच्या तुकड्याचंही तेच झालं. डांबराच्या कडा वावरात ढासळल्या. तरी सडक रिकामी नाही. शाळेतल्या पोरी सायकली इथूनच नेतात, कारण चौपदरीवर ट्रक अगदी अंगाला घासून जातात. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या इथूनच निघतात. तुरी, सोयाबीन, गहू इथेच वाळतो.

गेल्या पावसाळ्यात मोरी तुंबली आणि लागून असलेल्या वावरात चार दिवस पाणी उभं होतं. पऱ्हाटी पिवळी पडली. कुणाकडे जायचं, ते ठरेना. जिल्हा परिषदेची सडक, की बांधकाम विभागाची?

[दृश्य: मोरीत उतरलेले तिघे. गुडघाभर गाळ.]

यंदा मृगाआधी गावातले तिघे फावडी घेऊन उतरले. त्यातलं एक फावडं आबाजींचं. दांडा नवा, पातं तेच.

[गाळ निघतो. पाण्याचा पहिला आवाज.]