मुरडा सोडवणारी गोळी

श्रोतेहो, नमस्कार.

पोटात मुरडा येतो तेव्हा कळ चढते, टोकाला जाते, ओसरते आणि पुन्हा चढते. आतडं, पित्तनलिका, मूत्रवाहिनी, गर्भाशय यांच्या भिंतीतला स्नायू आवळतो आणि सुटतो, त्याची ही लय असते. हा पीळ सैल करणारी औषधं सारखी नसतात, म्हणून शेजारच्या घरातली गोळी मागून घेऊ नका.

मज्जातंतूंनी सोडलेलं ॲसिटिलकोलीन स्नायूला ‘आवळ’ असा निरोप देतं. डायसायक्लोमीन आणि हायोसीन ब्युटिलब्रोमाइड ही औषधं हा निरोप वाटेतच अडवतात. पण तोच निरोप लाळग्रंथींना, डोळ्यांना आणि मूत्राशयालाही जात असतो. त्यामुळे डायसायक्लोमीननं तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होते, लघवी तुंबते. काचबिंदू किंवा वाढलेलं प्रोस्टेट असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला, ते कितीही रडत असलं तरी, डायसायक्लोमीनचे थेंब अजिबात देऊ नका. एवढ्या लहान बाळांचा श्वास थांबल्याच्या नोंदी आहेत. बाटलीवरचं औषधाचं नाव वाचा, फक्त ब्रँड पाहून थांबू नका.

ड्रोटावेरीनची तऱ्हा वेगळी. ते निरोप अडवत नाही, पेशीतल्या एका एन्झाइमला रोखून स्नायू आतूनच सैल करतं. त्यानं तोंड फारसं कोरडं पडत नाही, मात्र रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते.

जेवल्यावर आतड्याची हालचाल वाढते. म्हणून आतड्याच्या जुनाट मुरड्यावर दिलेली मेबेव्हेरीनची 135 मिलिग्रॅमची गोळी जेवणाआधी 20 मिनिटं घ्यायची असते. पाळीच्या दुखण्यात प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातच तयार होणारं रसायन गर्भाशयाला आवळतं, म्हणून तिथे मेफेनॅमिक ॲसिड हे वेदनाशामक जोडीला देतात. ते मात्र खाऊन झाल्यावरच घ्या. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा वेदनाशामकानं उठणारा दमा असेल, तर ते टाळा.

आता न चुकता ऐका. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलेलं दुखणं, फळीसारखं कडक पोट, ताप, थांबत नसलेल्या उलट्या, शौच आणि वारा दोन्ही बंद, किंवा शौचातून रक्त: यांपैकी काहीही असेल तर गोळी घेऊन वाट पाहू नका. अपेंडिक्स सुजलं असेल तर दुखणं दबेल, सूज वाढतच राहील. आतडं अडलं असेल तर ते आणखी सुस्तावेल. तडक रुग्णालय गाठा आणि आधी गोळी घेतली असेल, तर कोणती आणि किती वाजता, हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा.