चाळीस तारा, छत्तीस भोकं

(पहाट. भिंतीला टेकवलेली काळी सायकल, कॅरिअरला डब्यांच्या पिशव्या.)

पुण्यात स्वारगेटहून कात्रजकडे निघालं की रस्ता चढत जातो. मोटारगाडीतून जाणाऱ्याला तो चढ जाणवतही नाही. मामा मात्र रोज याच सायकलीवरून डबे पोचवतात. आता त्यांचे गुडघे कुरकुरतात. सायकल अजून ठणठणीत आहे, म्हणून ती विकायची नाही.

(दुकान. मागचं चाक खोललं जातंय.)

साधी सायकल विजेवर चालवायचं किट आता घरपोच येतं. हबमधली, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी मोटार, तिला वीज मोजून देणारा कंट्रोलर, वेग कमी-जास्त करायचा थ्रॉटल आणि वायरींचा गुंता. खोका उघडायला पाच मिनिटं लागली. दिवस गेला तो पुढच्या कामात, आणि तेच बघण्यासारखं आहे.

जुन्या चाकाला तारा ४०. मोटारीच्या हबला भोकं ३६. म्हणजे रिम नवी आणावी लागली. जुन्या तारांचाही उपयोग नाही. हब ताटलीएवढा रुंद, त्यामुळे रिम जवळ आली आणि तारा लांब पडल्या. दुकानातले मेकॅनिक दादा नवी, जाड, १२ गेजची तार मापाने कापतात आणि टोकाला आटे पाडतात. असं छत्तीस वेळा.

(तारा ओवणारे हात, जवळून.)

जुन्या चाकात एक तार तीन-चार तारांना ओलांडून रिमला जायची. इथे एकीलाच ओलांडते, कारण जागाच नाही.

(चाक फिरतंय. खडूचा तुकडा.)

आता आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढायचा. खडू स्थिर धरायचा आणि चाक फिरवायचं. रिम जिथे बाहेर येते तिथे पांढरी रेघ उमटते. तिथल्या एका बाजूच्या तारा पाव आटा सैल, दुसऱ्या बाजूच्या पाव आटा घट्ट. मग पुन्हा फिरवायचं. रेघ चाकभर सारखी उमटेपर्यंत दादा बोलत नाहीत, आम्हीही बोललो नाही.

(कानशीचा आवाज.)

साध्या चाकात एक्सल, म्हणजे मधला दांडा, नुसता भार पेलतो. या मोटारीत एक्सल जागेवर राहतो आणि त्याच्याभोवती हबचं घर, म्हणजे बाहेरचं कवच, फिरतं. घर पुढे जातं तितक्याच जोराने एक्सल मागे फिरू बघतो. तो सुटला तर त्याच्या पोटातून येणाऱ्या वायरी पिळून तुटतील. म्हणून त्याला दोन बाजूंनी सपाट केलेलं असतं, आणि त्या सपाटीला चपखल बसेल अशी फ्रेममधली खाच दादा कानशीने घासतात. थोडं घासायचं, लावून बघायचं, परत घासायचं.

चाकात मोटार बसवायची कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांनी मागच्या चाकाच्या हबमध्ये मोटार असलेल्या सायकलीचं पेटंट १८९५ सालीच घेतलं होतं.

(वायरी, टेप, दांडीला पट्ट्यांनी बांधलेली बॅटरी.)

बॅटरी ३६ व्होल्टची. ब्रेक दाबला की मोटार बंद व्हायला हवी, म्हणून रॉडचे ब्रेक जाऊन मोटार बंद करणारा स्विच असलेले तारेचे आले. मोटार २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला, की नोंदणी लागत नाही आणि लायसन्सही. सायकल सहा-सात किलोंनी जड झाली, आणि चार्जिंग झाल्यावर प्लग काढायची सवय लावून घ्यावी लागेल.

(रस्ता. मामा सायकलीवर. नैसर्गिक आवाज, निवेदन नाही.)

(चढ. बाजूने बस जाते. मामा अजूनही पायडल मारतायत.)

गरज नाही, तरी मारतायत.

(दुकान. मामा उतरतात. दादा खाली बसून एकेक तार बोटांनी चाचपतात.)

नव्या तारा पहिल्या काही दिवसांत बसतात, थोड्या सैल पडतात. दादांनी मामांना आठ दिवसांनी परत बोलावलंय.